प्रभाआत्याची उंची

प्रभाआत्या कशी चालायची ते लिहावं म्हणून मी बरेच दिवस टेबलाशी बसते आहे. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला येणारी माणसं थांबली. कर्वेनगरच्या तिच्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडेच असते. मी अधूनमधून जाते, खिडक्या उघडते, गॅलरीतल्या झाडांना पाणी घालते आणि थोडा वेळ बसून परत येते. भेटायला आलेले बहुतेक सगळे एकच वाक्य बोलले, "काय देखण्या होत्या हो!" मी मान हलवत राहिले. देखणी ती होतीच. पण देखणेपण फोटोत मावतं, आणि तिचे फोटो काही कमी नाहीत. मिलच्या साड्यांच्या जाहिराती आहेत, कॅलेंडरं आहेत, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आहेत. चालणं मात्र फोटोत येत नाही. ते ज्यांनी पाहिलं अशी माणसं आता थोडी उरली आहेत आणि त्यांतली मी एक, म्हणून हे जमेल तसं लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे जाळीचा व्हरांडा, मागे मोरी आणि कडुनिंब. सकाळी भोंगा झाला की सायकलींची एक नदीच रस्त्यावरून वाहायला लागायची. दुपारी कधीतरी लांबवर चाचणीचा धडाका व्हायचा आणि मांडणीवरची पितळी भांडी किणकिणायची. आई हातातलं काम न थांबवता एक हात नुसता मांडणीवर ठेवायची, जसा रडणाऱ्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे. घरीसुद्धा ते कुठलीही वस्तू आधी तिरकी आहे का ते बघत आणि मग वापरत. प्रभाआत्या त्यांची सगळ्यांत धाकटी बहीण. आजी-आजोबा गेल्यावर ती आमच्याकडे आली ती आमचीच झाली. आईला ती वहिनी म्हणायची, आई तिला वन्सं म्हणायची, आणि माझ्यासाठी ती आत्या, मोठी बहीण आणि खोलीतली भागीदार अशी सगळंच होती. मी चष्मा लावणारी, बुटकी, पुस्तकात तोंड खुपसून बसणारी मुलगी. पुस्तकातून डोकं वर काढून बघावं अशी घरात एकच गोष्ट होती, ती म्हणजे आत्या.

ती उंच होती. किती उंच, तर माळ्यावरची लोणच्याची बरणी तिला स्टूल न घेता काढता यायची. शेजारच्या घरात बल्ब गेला की काकू व्हरांड्यातूनच हाक मारायच्या, "प्रभा, येतेस का गं जरा?" ती जायची, बल्ब बदलायची आणि परत यायची. पण हेच बायकांच्या बोलण्यात दुसऱ्या वेळी वेगळ्या तऱ्हेने यायचं. "एवढ्या उंच मुलीला मुलगा कुठून आणायचा हो वहिनी? पंजाबातून?" त्यातून ती सावळी, जिवणी रुंद, मान लांब. त्या काळी सुंदर मुलगी म्हणजे गोरी, नाजूक आणि नवऱ्याच्या खांद्याएवढी, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. आत्याला कुणी सुंदर म्हटलेलं मी तेव्हा ऐकलं नाही. तरी तिने एखादी साडी नेसली की क्वार्टर्समधल्या बायका तिरक्या नजरेनं बघत आणि पुढच्या महिन्यात तशीच नेसत. तिच्याकडे मोजक्याच साड्या होत्या. रात्री घडी घालून गादीखाली ठेवायची, सकाळी इस्त्री केल्यासारखी निघायची. मोहरीच्या रंगाच्या साडीवर तिने एकदा विटलेल्या जांभळ्या कापडाचं पोलकं घातलं. आई म्हणाली, "वन्सं, हे काय, गारुड्यासारखं?" दुपारपर्यंत आईच दोनदा वळून बघून गेली आणि संध्याकाळी हळूच म्हणाली, "उरलंय का हो ते जांभळं कापड?" मला वाटतं, आत्याला रंग दिसायच्या आधी समजत असावेत. मी इतकी वर्षं वाचते आहे, पण शब्दांच्या बाबतीत माझं कधी तसं झालं नाही.

तर आत्याला बघायला माणसं यायची. आई शिरा करायची, केळं घालून, वर बदामाचे काप. पाहुणे खाऊन जात, नकार कळवत, आणि उरलेला शिरा आम्ही दुसऱ्या दिवशी खायचो. अण्णा म्हणायचे, "आपल्या घरात रव्याचा खप पाहून वाण्याला वाटत असेल, इथे रोज सत्यनारायण असतो." बघण्याच्या कार्यक्रमात ठरलेली गोष्ट म्हणजे मुलीला चालायला सांगायचं. मुलगी लंगडत नाही ना, ते बघायचं. मग मुलाशेजारी उभं करायचं. इथेच सगळं फिसकटायचं. त्यावर आईने एक युक्ती काढली. साडी जराशी खाली नेसवायची आणि आत्याने साडीच्या आत गुडघे थोडे वाकवून चालायचं. बाहेरून काही कळत नाही, नुसती उंची कमी होते. दोघी स्वयंपाकघरात याचा सराव करायच्या. आई पाटावर बसून बघायची, "अजून थोडं, वन्सं. हां. आता खांदे हलू देऊ नका." आत्या ओट्यापासून मोरीच्या दारापर्यंत वाकलेल्या गुडघ्यांनी जायची आणि यायची. हे दिसतं तेवढं सोपं नाही. मी करून पाहिलं आहे, मांड्या भरून येतात. पण आत्याला ते इतकं साधलं की पाण्यावरून होडी जावी तशी ती जायची. पुढे मोठ्या शहरांतल्या लोकांनी तिच्या चालीतल्या ज्या तरंगण्याचं कौतुक केलं, ते या सरावातून आलं होतं, हे मी त्यांना सांगायला गेले नाही.

युक्ती एकदा चालली. साताऱ्याकडच्या एका घरानं पसंती कळवली. पुढच्या रविवारी मुलाचे काका बोलणी करायला आले आणि आत्या विसरली. चहाचा ट्रे घेऊन सरळ उभीच्या उभी बाहेर आली. काकांनी खालपासून वरपर्यंत बघितलं, कप उचलला आणि अण्णांना म्हणाले, "आठवड्यात मुलगी बरीच वाढलेली दिसते." तेवढंच बोलले. चहा मात्र पूर्ण प्यायले. त्यानंतर आईने नियमच केला: बाहेरची माणसं खुर्च्यांवर बसलेली दिसली की गुडघे वाकलेच पाहिजेत. आत्याने तो इतका अंगात भिनवला की पोस्टमन व्हरांड्यात टेकला तरी ती आपोआप खुजी व्हायची.

स्थळांना पाठवायला फोटो लागायचा. खडकी बाजारात इनामदारांचा स्टुडिओ होता. ते मुसलमान, पण त्यांच्या कितीतरी पिढ्या पुण्यातच गेलेल्या. बोलायचे अगदी आमच्यासारखं. आईच्या सांगण्यावरून त्यांनी आत्याचा बसलेला फोटो काढला, खुर्चीत, शेजारी प्लॅस्टिकची फुलं. मग त्यांनी आपल्या हौसेखातर एक उभा काढला आणि तोच मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. चांगला आलेला फोटो काचेत लावायची सगळ्याच स्टुडिओवाल्यांची पद्धत होती. अण्णांना तो कारखान्यातून येताना दिसला. मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर होते. सायकल भिंतीला लावून ते आत शिरले.

"हा फोटो कुणाला विचारून लावलात?"

"कुणाला नाही विचारलं साहेब. चांगला आला म्हणून लावला."

"आमच्या घरची मुलगी आहे ती. दुकानातला माल नव्हे."

"म्हणून तर पत्ता विचारणाऱ्यांना हाकललं मी."

"ते बरं केलंत. आता काढा."

"काढतो की. पण तुम्ही आल्यापासून माझ्याकडेच बघताय. काढायच्या आधी एकदा फोटोकडे तरी बघा."

अण्णा बाहेर आले आणि काचेसमोर उभे राहिले. मी दांडीवरून उतरून त्यांच्या शेजारी गेले. फोटोत आत्या एका पांढऱ्या पडद्यापुढे नुसती उभी होती. हात कुठे ठेवावे हे कळत नसलेल्या माणसांचे फोटो असतात, तिचा तसा नव्हता. ती जिथे उभी होती तिथून जागेला अर्थ येत होता. अण्णांनी मान किंचित तिरकी केली, मग सरळ केली. "उद्यापर्यंत काढा," असं म्हणून त्यांनी सायकल घेतली. तो उद्या बराच लांबला, कारण अण्णा रोज त्या रस्त्याने जात आणि पुन्हा कधी आत शिरले नाहीत.

तो फोटो बघूनच रोशनबाई आल्या. मुंबईच्या एका मिलसाठी साड्यांचे फॅशन शो बसवायचं त्यांचं काम होतं. मिलची नवी साडी पुण्यात निघायची होती, शो कॅम्पातल्या एका हॉलमध्ये होता, आणि त्यांना दोन मुली इथल्या हव्या होत्या. मिलचं कापड विकणाऱ्या इथल्या शेटजींनी निरोप पाठवला, "रविवारी एक बाई प्रभाला बघायला येतील." आता बघायला म्हटल्यावर आमच्या घरात जे होतं ते झालं. आईने रवा भाजायला घेतला. मला नवा फ्रॉक घालायला लागला. रोशनबाई आल्या; केस कापलेले, हातात घड्याळ आणि मोठी पर्स, पारशी पद्धतीने नेसलेली साडी. आईला वाटलं मुलाची मावशी असेल. आत्या ट्रे घेऊन आली ती अर्थात गुडघ्यात वाकूनच.

रोशनबाई शिऱ्याचा चमचा तोंडाशी धरून बघत राहिल्या. "डिकरी, तुझे गुडघे दुखते काय?"

आईने घाईने पाण्याचा पेला पुढे केला.

"जरा चालून दाखव ने."

आत्या तशीच वाकलेली व्हरांड्याच्या दारापर्यंत गेली आणि आली. आई अभिमानाने बघत होती, खांदे मुळीच हलले नाहीत म्हणून.

"बहु सरस. पण अर्धी मुलगी साडीत लपवून ठेवली. आता पूर्ण हो आणि चाल."

आत्याने आईकडे बघितलं. आईने अण्णांकडे. अण्णा छताकडे बघत म्हणाले, "हो बाई पूर्ण. कळू दे एकदा काय ते." ती सरळ झाली आणि आमच्या त्या एवढ्याशा खोलीत चालली. खोली लगेच संपली, पण रोशनबाईंनी शिऱ्याची बशी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. मग त्यांनी येण्याचं खरं कारण सांगितलं.

इथे मला थोडं थांबून पुढचं सांगायला हवं, कारण आत्याची आठवण काढणाऱ्यांना पुढचंच ठाऊक असतं. दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथे ती मिलच्या साड्या नेसून चालली. एक काळ असा होता की लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत बायका साडीचं नाव न सांगता "ती लांब मानेच्या बाईची दाखवा" म्हणायच्या. पैसा आला, ओळखी आल्या, पण काम करण्याची तिची रीत क्वार्टर्समधलीच राहिली. शोच्या आधी ती साडी घेऊन खाली बसायची, पदर मांडीवर पसरायची आणि काठावरून बोट फिरवत ती कुठे जड आहे, कुठे हलकी आहे ते बघायची. म्हणायची, "ही डावीकडे ओढते. हिला डावीकडे वळू द्यायचं." इतर मुली साडी दाखवत, हिच्या अंगावर साडीच स्वतःला दाखवायची. कुणाबद्दल ती वाईट बोलली नाही, आणि आपल्या रूपाबद्दल बोललेली तर मी ऐकलीच नाही. लग्न तिने उशिरा केलं, स्वतः ठरवून, तिच्यापेक्षा चार बोटं कमी उंचीच्या एका शांत प्राध्यापकाशी, आणि लग्नात उंच टाचांच्या चपला घातल्या. त्यांनी तिच्या कानाशी काही सांगायचं झालं की ती हसत मान खाली करायची. वय झाल्यावर कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये कॉलेजच्या मुली तिच्याकडे शिकायला येत. शेवटच्या आजारातसुद्धा नर्स उशी लावायला लागली की ही म्हणायची, "थोडी सरळ." मी हे लिहिलं आणि दोन दिवस पुढे काही लिहिता आलं नाही.

पण त्या रविवारी यातलं काहीच नव्हतं. होतं ते फक्त अण्णांचं "नाही." रोशनबाई गेल्यावर आत्या अण्णांसमोर येऊन उभी राहिली. तिने घरात काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी मागितलं.

"दादा, मला एकदा जाऊ दे."

"लोकांनी तिकीट काढून तुला बघायचं?"

"आत्ता फुकट बघतात. वर शिरा खातात."

आईने तोंडाला पदर लावला. अण्णा गप्प झाले. ते असे गप्प झाले की आतमध्ये काहीतरी आखत असत. रात्री जेवताना, पिठल्यात भाकरी कुस्करत, त्यांनी ठरलेलं सांगितलं. "मी पहिल्या रांगेत बसेन. मला पटलं नाही तर मी उभा राहीन. मी उभा राहिलेला दिसलो की काही विचारायचं नाही. आत जायचं, साडी बदलायची, घरी यायचं. आणि मग हा विषय या घरात पुन्हा नाही. आहे कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली. मग आईने वाढलेली दुसरी भाकरी तिने खाल्ली नाही.

मधले दिवस तिने कसे काढले ते मी एकाच खोलीत राहून बघितलं. तालमीहून येऊन ती मागे कडुनिंबाखाली कपडे वाळत घालायची आणि दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत राहायची. तालमीत रोशनबाई सारखं "गुडघा! गुडघा!" ओरडायच्या म्हणे. रिकाम्या हॉलमध्ये तिला जमायचं. समोर शेटजी आणि त्यांची माणसं खुर्च्या ओढून बसली की गुडघे वाकायचे. "मी नाही करत गं," ती मला म्हणाली, "ते आपले आपण होतात." बाकी ती बोलत नव्हती. एका संध्याकाळी मात्र मी पुस्तक वाचत असताना तिने विचारलं, "तुला काय वाटतं, दादा उठेल?" मी म्हटलं, नाही उठणार. मला काही माहीत नव्हतं.

शोच्या दिवशी आम्ही टांग्याने कॅम्पात गेलो. आई रंगमंचामागे आत्याच्या निऱ्या सांभाळायला गेली. अण्णांनी कारखान्याच्या वार्षिक समारंभाचा कोट घातला होता आणि ते पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर बसले. मी त्यांच्या शेजारी. हॉलमध्ये अत्तराचा आणि फ्रेंच पॉलिशचा वास होता. क्लॅरिनेट, अॅकॉर्डियन आणि तबला अशी मंडळी एका कोपऱ्यात वाजवत होती. मुंबईच्या मुली येऊन गेल्या. गोऱ्यापान, सराईत, हसऱ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते.

आणि आत्या आली. गर्द जांभळी साडी, बारीक केशरी काठ. समोर माणसांच्या रांगाच्या रांगा खुर्च्यांवर बसलेल्या. तिने त्या बघितल्या आणि पहिल्या पावलाबरोबर गुडघे वाकले. साडी पूर्ण उंचीच्या बाईला नेसवलेली. काठ जमिनीवर लोळायला लागला, निऱ्यांचा ढीग झाला. बाजूच्या पडद्याआडून रोशनबाईंचा दबका आवाज ऐकू आला, "गुडघा!" आत्याला कळत होतं, तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, पण पाय ऐकत नव्हते. मागे कुणीतरी खुसखुसलं. आणि मग मागच्या रांगेतल्या एका बुशशर्टवाल्या तरुणाने लांबलचक शिट्टी मारली.

अण्णा उठले. रंगमंचाकडे पाठ करून, मागे वळून, अगदी शांतपणे त्याला म्हणाले, "आपण रेल्वेत गार्ड आहात का?"

"अं? नाही, का?"

"नाही, शिट्टी सराईत वाटली. स्टेशन इथून जवळ आहे. गाडी सोडून या, तोपर्यंत आपली खुर्ची आम्ही सांभाळतो."

आजूबाजूचे हसले. तो तरुण लाल झाला. पण वाजंत्री जोरात चाललेली. वर रंगमंचावर यातला एक शब्द पोचणं शक्य नव्हतं. मी अण्णांकडे बघत होते, मग वर बघितलं. आत्या जागच्या जागी थांबली होती. तिला फक्त दिसत होतं की दादा उभा आहे, आणि त्याने तिच्याकडे पाठ फिरवली आहे.

त्यानंतर जे झालं ते मी पुष्कळदा मनात उजळून बघितलं आहे. ती हळूहळू सरळ झाली. आधी गुडघे, मग पाठ, मग ती लांब मान. जमिनीवर लोळणारा केशरी काठ वर उचलला गेला आणि पावलांशी येऊन नेमका थांबला. ढीग झालेल्या निऱ्या एकेक करून सुट्या झाल्या आणि खाली उतरल्या. एवढा वेळ अंगावर असलेली साडी तिने आत्ता नेसली असं वाटलं. मग ती चालली. घाई अजिबात नव्हती. आत जा असा इशारा मिळालेलं माणूस जसं चालेल तशी ती चालली नाही. ती पुढे आली, पार कडेपर्यंत आली, आमच्या डोक्यावर येऊन उभी राहिली. पदर डाव्या हातावर घेतला. दादाच्या पाठीकडे एकदा बघितलं. वळली, आणि सगळं अंतर पुन्हा तसंच चालत परत निघाली. खुसखुस थांबली होती. क्लॅरिनेटवाला तिच्याकडे बघत एक सूर लांबवत राहिला. पुष्कळ वर्षांनी एकदा गॅलरीत केस वाळवत बसली असताना मी तिला विचारलं, की तेव्हा काय वाटलं होतं. म्हणाली, "वाटलं, संपलं. मग म्हटलं, आता कुणासाठी वाकायचं?"

त्या तरुणाने मान खाली घालेपर्यंत अण्णा त्याच्याकडेच बघत राहिले होते; ते पुन्हा पुढे वळले तेव्हा त्यांना फक्त जाणारी आत्या दिसली. ते बघत तसेच उभे राहिले. ती आत दिसेनाशी झाली तरी उभेच. शेवटी मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, बसा की आता. आम्हीही पैसे भरलेत." तेव्हा ते बसले.

थोड्या वेळाने मिलचा एक माणूस वाकून वाकून आला आणि अण्णांच्या कानात म्हणाला, "साहेब, आपल्या भगिनी घरी निघाल्यात. जरा येता का?" अण्णा उठले, मी मागे धावले. रंगमंचामागे बायकांच्या खोलीचं दार होतं. अण्णा दाराबाहेरच थांबले आणि त्यांनी हाक मारली, "प्रभा."

आत्या बाहेर आली. स्वतःची सुती साडी नेसलेली, तोंडावरचा रंग पुसलेला, हातात पिशवी. मागे आई, डोळे लाल. तिच्या मागे रोशनबाई जांभळी साडी हातावर घेऊन उभ्या.

"चल दादा," आत्या म्हणाली.

"कुठे?"

"घरी. तू उभा राहिलास ना."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना उलगडा झाला तो मला दिसला. कपाळापासून खाली उतरत गेला. त्यांनी खरं सांगितलं असतं तर चाललं असतं. पण तो पोरगा, ती शिट्टी, ते हसणं, यातलं काहीही तिच्या कानावर जाऊ नये असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "पाय आखडले होते जरा. त्या खुर्च्या काय खुर्च्या आहेत? तू तेवढ्यात निघालीससुद्धा?"

पिशवीचे बंद तिच्या मुठीत आवळलेले होते.

"या बाई म्हणतायत तुझ्या अजून दोन साड्या राहिल्यात."

"हो ने, क्यारनी, केव्हाची सांगते मी!" रोशनबाई म्हणाल्या.

अण्णांनी हात पुढे करून तिच्या हातातली पिशवी घेतली. "जा," ते म्हणाले. "आणि मघाशी गेलीस तशीच जा. मला अर्धंच दिसलं."

आम्ही जागेवर येऊन बसलो. पिशवी अण्णांच्या मांडीवर. आत्या आणखी दोनदा आली, एकदा पिवळ्या आणि एकदा पांढऱ्या साडीत, आणि ती येताना बसलेल्या माणसांची पाठ आपोआप ताठ होत होती. शेवटी सगळ्या मुली एका ओळीत पुढे आल्या, आणि मधोमध सगळ्यांच्या वर दिसणारं आत्याचं डोकं. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. आधी डावीकडचे, मग मागचे, मग सबंध हॉल. आमच्या रांगेतले शेटजी उठले, त्यांच्या मंडळी उठल्या. मीही उठले. अण्णा मात्र खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते.

"अण्णा, उठा ना," मी त्यांचा कोट ओढला. "सगळे उठलेत."

"गप्प बस," अण्णा म्हणाले. "ती बघते आहे." आणि त्यांनी पिशवी गुडघ्यांत धरली, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि बसल्या जागेवरून टाळ्या वाजवायला लागले.